किडनीसाठी हळदीच्या कॅप्सूल की घरचं कोकम? ठरवण्याआधी हे वाचा

बाबांचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळतेय का ते सांगणारी रक्ततपासणी) १.८, म्हणजे जास्त आलं आणि आठवड्यात मुंबईच्या आत्याने हळदीच्या कॅप्सूलचा डबा पाठवला, इकडे आई म्हणते "घरात आगळ आसा, रोज सोलकढी करूया" (आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून टिकवलेला रस). मालवणात अजून कोणाच्या घरी हाच घोळ चालू असेल म्हणून लिहितोय.

दोन्हीमागचा विचार एकच आहे. किडनी दिवसरात्र रक्त गाळते, तिला ऑक्सिजन खूप लागतो, त्यात शुगर-बीपी असेल तर पेशींत फ्री रॅडिकल्स वाढतात आणि हळूहळू नुकसान होतं, ते आवरायला हळदीत करक्युमिन आणि कोकमात गार्सिनॉल, शिवाय तो लाल रंग देणारं अँथोसायनिन.

आधी कॅप्सूल. उंदरांवर करक्युमिनने चांगलं काम केलंय, जेंटामायसिन, सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी किडनीला होणारी इजा कमी झाली. पण माणसांचं बघा, कॅनडात पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन होणाऱ्या ६०६ पेशंटवर चाचणी झाली, २०१८ साली छापून आली, त्यात करक्युमिनचा फायदा तर नाहीच, उलट किडनीला धक्का बसायचं प्रमाण ते घेणाऱ्यांतच जास्त निघालं. दुसरं म्हणजे हळदीत ऑक्झलेट भरपूर, रोज मोठा डोस गेला की लघवीतून ऑक्झलेट जास्त जातं, ज्याला मुतखडा होऊन गेलाय त्याने तर लांबच राहावं. आणि बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात करक्युमिन अंगी लागावं म्हणून, पण त्याने बाकीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. आमटीतली हळद वेगळी, पुडीत करक्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि आपण घालतो चिमूटभर, ती बिनधास्त खा.

आता कोकम. गार्सिनॉलचं बहुतेक काम लॅबमध्ये आणि प्राण्यांवरच झालंय, म्हणजे हे पण औषध नाही. पण खाण्यातलं आहे, आंबट असल्याने जेवणात मीठ कमी पडलं तरी चालतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अडचण आहे ती आगळाची, ते टिकवायला मीठ मारलेलं असतं, बीपीवाल्याला रोज वाटीभर म्हणजे मिठाचाच मारा. बाजारच्या सरबतात साखर. आणि सोलकढीत नारळाचा रस, रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर तो पण जपून.

म्हणून आम्ही कॅप्सूल उघडल्याच नाहीत. यंदा मे महिन्यात आईने रातांब्याची (कोकमाच्या फळाची) थोडी सोलं मिठाशिवाय वेगळी सुकवली, रसाची पुटं देऊन, त्यातली तीन-चार भिजत घालून पातळ सार करते, जिरं-कोथिंबीर घालून. वजन उतरवायला म्हणून गार्सिनियाच्या गोळ्या मिळतात त्या म्हणजे कोकम समजून घेऊ नका हां, त्यांनी लिव्हर खराब झाल्याच्या केसेस आहेत.

दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रोटीन तपासतो. आणि भातलावणीत कंबर धरली की बाबा मेडिकलमधून पेनकिलर आणून घ्यायचे ते किडनीला त्रास नको म्हणून पूर्ण बंद केलंय, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं.