आज्जीचं इरकल विरलंय: रफू, काठ-पदर की वाकळ?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ट्रंकेच्या तळाशी आज्जीचं एखादं इरकली नाहीतर शहापुरी लुगडं निघतंच. काठ ठणठणीत, अंग विरलेलं. ते बाहेर आलं की घरात तीन मतं पडतात. रफू करा, काठ-पदर काढून नव्या साडीला लावा, नाहीतर वाकळ शिवा. तिन्ही ठीक आहेत, पण कुठलं करायचं ते कापड सांगतं.

आधी ते खिडकीशी उजेडात धरा. भोक एखाद-दुसरं आहे, की घड्यांच्या रेघेवर सगळीकडे जाळी पडलीय? भोकाच्या बाजूला दोन्ही अंगठे टेकवून अगदी हलके ताणा. चर्र झालं तर रफूचा नाद सोडा. रफूगार नवा धागा जुन्या धाग्यांतूनच एक खाली, एक वर असा ओवतो. जुनेच कुजलेले असतील तर पहिल्या धुण्यात रफूच्या कडेनं नवी चीर जाते आणि मजुरी पाण्यात.

कापडात जीव असेल तर मात्र माझं मत रफूलाच. धागा त्याच लुगड्याच्या आतल्या, कमरेला खोचल्या जाणाऱ्या टोकाचा काढून द्या. तो किंचित गडद असतो, तरी बाजारातल्या रिळापेक्षा जवळचा. अंगावर कसुती, म्हणजे हातानं भरलेला कशिदा, असेल तर जपा. ती धागे मोजून भरलेली असते, गवंती आणि मुर्गी टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, गाठ कुठंच नसते. रफूगाराचं आधीचं काम उलटं करून बघा. मागं गुंता दिसला तर कसुती त्याच्या हातात देऊ नका.

काठ-पदराचा मार्ग इरकलला विशेष जमतो. पारंपरिक इरकलात अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, फासे अडकवून जोडलेले. त्यालाच तोप-तेनी म्हणतात. त्यामुळे अंग गेलं तरी पदर पुष्कळदा शाबूत राहतो. कापताना जोडावर कात्री चालवू नका, फासे सुटतील. अंगाची चार बोटं पट्टी पदराला राहू द्या. नवं कापड आधी धुऊन आटवून घ्या. जुना काठ आटायचा तेवढा आटलेला असतो. नवं कापड नंतर आटलं की काठाला चुण्या पडतात. शिवाय जड रेशमी अंग जुन्या काठाला ओढतं, त्यापेक्षा हलकं सुती बरं. पण एकदा कापलं की परत लुगडं नाही, आणि नवी साडी नेसणार कोण, हे शिंप्याकडे जाण्याआधी ठरलेलं असावं. नाहीतर एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत.

अंगाची जाळी झाली असेल तर वाकळच. विरलेले थर आत जातात, धडके तुकडे वर येतात. खानापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कडेपासून आत धावदोरा घालत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं बसवतात. फुलांशिवाय त्यांना ती पुरी वाटत नाही. जरीचा काठ वाकळीत घालू नका. टोचतो, धुण्यात काळवंडतो. वाकळीचा आणखी एक फायदा कोणी बोलत नाही: नऊवारीचं कापड मोप, दोन लहान वाकळी सहज होतात आणि बहिणी-बहिणींत वाटणीवरून तोंडं फिरत नाहीत.

जुनी जर घेणारा दारात आला तर पैसे चांदीचे मिळतात, तेही जर खरी असली तर. तो काठ जाळून चांदी काढतो. आज्जीची आठवण ठेवायची असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

ठरत नसेल तर घाई नको. रोल प्रेसला देऊ नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. कापड घडीच्या रेघेवरच आधी तुटतं.