दुकानाचा काटा, ओट्यावरचा काटा: पाचपैकी चार तारे

मिरजेत माझं किराणा दुकान आहे. वडिलांच्या काळी तागडी होती, आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दरवर्षी पासिंग करून शिक्का मारून घ्यावा लागतो. तेव्हा वजनातलं मला कुणी काही शिकवावं असं वाटत नव्हतं. तरी २०२५ च्या जूनमध्ये मी ५४९ रुपयांचा घरगुती काटा ऑनलाइन मागवला. खोकं बघून ही म्हणाली, "का, दुकानातला पुरेना झाला?"

पुरेना झाला नव्हता, पण तो गल्ल्याशेजारून हलवता येत नाही. आणि मला काटा हवा होता तो नऊ वर्षांच्या पोरीसाठी. ती सीबीएसईच्या शाळेत आहे. त्याच वर्षी मेमध्ये बोर्डानं शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं होतं, दिवसाच्या उष्मांकांपैकी पाच टक्क्यांहून जास्त साखरेतून येऊ नयेत हे मुलांना कळावं म्हणून. पोरगी फलक बघून घरी आली आणि विचारायला लागली, "पप्पा, पाच टक्के म्हणजे किती वाट्या?" मला सांगता येईना. आयुष्य साखर विकण्यात गेलं आणि एवढं सांगता येईना.

आधी काट्याचं बोलू. वरची ताटली स्टीलची, पाच किलोपर्यंत उचलतो, एकेक ग्रॅम दाखवतो. दोन बारीक सेल लागतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अगदी असाच काटा पाच-सहा नावांनी विकायला आहे. मी पहिलं काम केलं ते म्हणजे दुकानातली शिक्क्याची वजनं त्यावर चढवली. किलोचं १००१ भरलं, पन्नास ग्रॅमचं बरोबर पन्नास. पाच ग्रॅमचं कधी पाच, कधी चार. घरासाठी चालेल. दुकानात यावर माल तोलू नका, शिक्का नसलेल्या काट्यावर धंदा करता येत नाही.

मग पोरीला हिशेब घातला. तिच्या वयाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक लागतात. पाच टक्के म्हणजे ८५. साखरेच्या एका ग्रॅमला चार उष्मांक, म्हणजे एकवीस ग्रॅम. वाटी ठेवली, शून्य केलं, तिनंच साखर ओतली. वाटीचा तळ जेमतेम झाकला. बोर्डाच्या परिपत्रकात म्हटलंय की चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांपैकी तेरा टक्के साखरेतून येतात. ती दुसरी वाटी. पंचावन्न ग्रॅम. तिसऱ्या वाटीसाठी ती दुकानातनं थंड पेयाची पाव लिटरची बाटली घेऊन आली. मागं शंभर मिलीचा आकडा होता, साडेदहाच्या आसपास. गुणाकार तिनं वहीत केला आणि सव्वीस ग्रॅम मोजले. एका बाटलीत दिवसभराचा कोटा पार करून वर पाच ग्रॅम! ती गप्पच झाली. मी सहा महिने "कोल्ड्रिंक नको गं बाळा" म्हणत होतो, त्याचा एवढा परिणाम कधी झाला नव्हता.

आता पोरगी काडीसारखी आहे. हिला कशाला साखरेचं सांगायचं, असं घरात सगळ्यांचं मत. माझंही तेच होतं. पण माझे वडीलही बारीकच होते, साखरेच्या आजारानं, मधुमेहानं, त्यांच्या पायाचं बोट गेलं. मी बारीक, मला एक्केचाळिसाव्या वर्षी निघाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तोलली, मोजली. सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानानं तशीच टिकून होती. वरून बारीक, आतून चरबी. काट्यावर पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचून जरा घामच फुटतो, कारण काटा फक्त किती ते सांगतो. कशाचं, ते सांगत नाही.

त्यानंतर महिनाभर घरात नुसती मोजामोजी. क्रीमची बिस्किटं, सॉस, दुधात घालायची चॉकलेटी पावडर. पावडरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात जीवनसत्त्वं आणि बारीक अक्षरात साखर. शिवाय आकडा 'एका सर्व्हिंगचा', आणि ते सर्व्हिंग म्हणजे कंपनीचा चमचा. पोरीनं आपला नेहमीचा चमचा काट्यावर ठेवला, कंपनीच्या चमच्याच्या पावणेदोनपट भरला. नूडल्सच्या पुड्याचं मीठ काढायचं तर सोडियमचा आकडा अडीचनं गुणायचा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाला दिवसाला पाचाच्या आत सांगितलंय. हा गुणाकार मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. काही ऐकतात, काही म्हणतात, "मालक, पुडा द्या."

इथंच काट्याचा पहिला दोष सापडला. मीठ चिमटीचिमटीनं टाकलं तर हा पठ्ठ्या शून्यावरच बसून राहतो. बारीकशी वाढ म्हणजे वजन नव्हे, आपलीच चूक, असं समजून तो गुपचूप पुन्हा शून्य करतो. उपाय सोपा आहे. मिठाची बरणीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं आणि चमच्यानं एकदम काढायचं. उणे आकडा येतो तेच मीठ. दुसरा दोष, दोन मिनिटांत बंद पडतो. तुम्ही वाटी ठेवून फोन घ्यायला गेलात की शून्य केलेलं वाया. तिसरा, बटणांवरचं स्टिकर ऑगस्टमध्येच सुटलं. ओला हात लावू नका.

आईचं आणि काट्याचं जमलं नाही. शिऱ्याची साखर पोरीनं तिच्या हातातून घेऊन तोलली, तेव्हा आई म्हणाली, "चाळीस वर्षं हाताच्या अंदाजानं केलं, कुणी नाव ठेवलं नाही." मग मीही शहाणपणा करायला गेलो की गुळाचीसुद्धा साखरच होते. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. शेवटी तह झाला. सणाला काटा कपाटात. पुरणपोळी तोलायची नाही. एरवी आईनं शिऱ्यातली साखर आपणहून कमी केली, पण ती कुणाला किती ते सांगत नाही.

चहावरून माझाही पासंग निघाला. दुकानात येणारा चहा मी 'अर्धाच तर असतो' म्हणून पीत होतो. पोरीनं चहावाल्यालाच विचारलं. तो प्रामाणिक माणूस, म्हणाला तीस कपांना पाव किलो. म्हणजे कपाला आठ ग्रॅमवर. माझे पाच कप. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचा ढीग तिनं बशीत करून गल्ल्यावर आणून ठेवला, गिऱ्हाइकांसमोर. आता माझा कप बिनसाखरेचा वेगळा येतो.

एक गोष्ट मात्र घेणाऱ्यांनी नीट ऐका. सप्टेंबरमध्ये एके रात्री पोरगी जेवताना उठली, भाकरी काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "बासष्ट ग्रॅम. जास्त आहे का?" माझ्या पोटात गोळा आला. वाढीच्या वयातलं पोर भुकेलं असताना भाकरी तोलायला लागलं तर त्या काट्याला आगच लावलेली बरी. तेव्हापासून नियम केलाय, तोलायचं ते पुड्यातलं, बाटलीतलं आणि बरणीतलं. ताट नाही. आणि पोराचं अंग तर नाहीच. तिच्या पाच वर्षांच्या भावाला हे समजायच्या आत तो ताटलीवर उभा राहिला होता. काट्यानं चूक दाखवून हात वर केले. फुटला नाही, पण आता किलोला दोन ग्रॅम जास्त दाखवतो.

तुमच्या मनात आलंच असेल, की मग दुकानात काय? खोटं कशाला बोलू, पाच रुपयांचे पुडे मी अजून विकतो, त्यावरच वीजबिल निघतं. फक्त शाळा सुटायच्या वेळेला हाताशी लागतील अशा बरण्या बदलल्या. पुढं फुटाणे, शेंगदाणे, खजूर. चॉकलेटं मागच्या फळीवर. फुटाण्यांचा खप थोडा वाढला. चॉकलेटांचा कमी झाला नाही, पोरं मागच्या फळीकडे बोट दाखवतात.

काटा मुलांना मैदानावर नेत नाही, झोपवत नाही, हातातला मोबाईलही काढून घेत नाही. ते सगळं तुम्हालाच करायचंय. पण घरात आठ ते बारा वर्षांचं, आकड्यांत रमणारं, हुज्जत घालणारं पोर असेल तर घ्या. पाच वर्षांच्या पोराला त्याचा उपयोग नाही. आमचा धाकटा त्यावर फक्त गोट्या तोलतो. एक तारा त्या चिमटीभर मिठापायी कापला.

सेल नऊ महिने टिकले. परवा संपले तेव्हा पोरीनं दुकानातून दोन नेऊन स्वतःच घातले. संध्याकाळी उधारीची वही उघडली तर आईच्या साबणाच्या नोंदीखाली पोरीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'काटा, सेल २, पप्पांच्या नावावर.'