अणुभार काढायचा कसा: तराजू की मास स्पेक्ट्रोमीटर?

जुना रस्ता तराजूचा, त्यातला उस्ताद म्हणजे हार्वर्डचा थिओडोर रिचर्ड्स. एखाद्या मूलद्रव्याचं क्लोराइड घ्यायचं, कंटाळा येईपर्यंत शुद्ध करायचं, पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट टाकायचं, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसला की तो गाळा, धुवा, वाळवा, तोला आणि मग चांदीच्या अणुभारावरून हिशोब मांडा. या चिकाटीला १९१४ चं नोबेल मिळालं, उगाच नाही. पण गोची अशी की चांदीचाच आकडा हलला तर बाकीचे सगळे हलणार.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करणारं मशीन. त्यात आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजतात, त्याला त्याच्या वस्तुमानाने गुणतात आणि बेरीज करतात, झालं. वस्तुमानं ढिगाने दशांशांपर्यंत माहितीयेत, घोडं अडतं ते प्रमाणावर. म्हणून फ्लोरीन, ज्याचा निसर्गात एकच आयसोटोप, तो १८.९९८४०३१६२ असा ऐटीत मिरवतो आणि पाच आयसोटोपवालं झिंक बघा, आधी ६५.३९, मग ६५.४०९, २००७ मध्ये परत ६५.३८!

मला विचाराल तर आज मशीनच, त्यात वादच नाही. तरी तराजूला कमी लेखू नका राव, युरेनियमच्या खनिजातलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं असतं हे रिचर्ड्सने १९१४ मध्ये तोलूनच दाखवलं होतं. शिसं कुठून आलंय त्यावर त्याचा अणुभार बदलतो, म्हणून आता आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) शिशाला २०६.१४ ते २०७.९४ अशी रेंजच देऊन टाकलीये, एकच आकडा हवा असणाऱ्यांनी २०७.२ धरायचा.