कर्ज थकलंय: बँकेशी ओटीएस करू की लोकअदालतीत बसू?

होमस्टेचं, बोटीचं नाहीतर गाडीचं कर्ज थकलं की मॅनेजर म्हणतो ओटीएस (एकरकमी तडजोड, म्हणजे ठरलेली कमी रक्कम भरून कर्ज मिटवणं) करून टाका, आणि तेवढ्यात तालुका कोर्टातून लोकअदालतीची नोटीस पण येते. मग लोक जिकडे सूट जास्त तिकडे धावतात. मी म्हणेन सूट नंतर बघा, आधी पैसा हातात कधी येणार ते बघा, सगळं त्यावर ठरतं.

पैसे एकरकमी तयार असतील, म्हणजे मुंबईचा भाऊ देतोय किंवा जागेचा तुकडा विकलाय, तर ओटीएस बरं, काम लवकर उरकतं. फक्त बँकेचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत पैसे भरू नका. किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत, पुढे बाकी शून्य, चेक आणि गहाणाची कागदपत्रं परत, हे सगळं त्यात पाहिजे. "साहेबांनी हो म्हटलंय" असं फोनवर सांगणाऱ्या वसुली एजंटच्या हातात तर एक रुपया नको (आणि तो सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही, बँकेकडे लेखी तक्रार करा). बँकेने ओटीएस द्यायलाच हवं असंही नाही, तो कर्जदाराचा हक्क नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. तारीख चुकली तर सहसा सूट गेली.

हप्त्यानेच फेडायचं असेल, किंवा चेक बाउन्सची केस आधीच चालू असेल, तर लोकअदालत. फी नाही, केस दाखल झालेली नसली तरी दाखलपूर्व म्हणून प्रकरण ठेवता येतं. नोटीस बघून घाबरायचं कारण नाही, ते काय वॉरंट नव्हे, पटलं नाही तर सही करू नका, प्रकरण होतं तिथे परत जातं. पण एकदा सही केली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला की बँक थेट दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) लावते, अगदी चेकच्या केसमधली तडजोड असली तरी. त्यामुळे हप्त्यांच्या तारखा आपल्या सीझनप्रमाणे मागा: आंबावाल्याने मे अखेर, बोटवाल्याने जून-जुलै सोडून, कारण मासेमारी बंद असताना भरणार कुठून? जामीनदारालाही सोबत न्या आणि त्याची जबाबदारी संपली हे त्यातच लिहून घ्या, नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. सिबिलचं म्हणाल तर कमी रकमेत मिटवलं की दोन्हीकडे 'सेटल्ड' लागतं, त्यात डावंउजवं काही नाही.

खरी गोची सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याची. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. नोटिशीपासून पैसे भरायला ६० दिवस, त्यात लेखी आक्षेप दिला तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं, आणि ताब्याची कारवाई झाली की डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दाद मागायला ४५ दिवस, आणि डीआरटी ना रत्नागिरीत ना सिंधुदुर्गात, लोकअदालतीची पुढची तारीख तर कधी कधी महिनोन् महिने लांब! शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, त्यामुळे खरोखर कलमांची बाग असेल तर तसं लेखी कळवा, एनए (बिगरशेती) करून बांधलेल्या होमस्टेला मात्र ही सवलत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गणित वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की त्याविरुद्ध रिव्हिजनला (फेरतपासणीला) जाताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून जे काय बोलायचं ते दाखला निघायच्या आधी बोला.

रत्नागिरी आणि ओरोसच्या (सिंधुदुर्ग) जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बायकांना, एससी-एसटी वगैरे काही गटांना उत्पन्न न बघता आणि बाकीच्यांना ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असेल तर फुकट वकील मिळतो, ओटीएसचं पत्र असो की तडजोडीचा मसुदा, सहीच्या आधी तिथे दाखवून घ्या.