हर्लिंगची काठी आणि चेंडू : माटुंग्याच्या भिंतीवर चार महिने

डब्लिनला नोकरी करणारा माझा भाचा मार्चमध्ये मुंबईला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी ॲश लाकडाची ३४ इंची हर्ली, म्हणजे हर्लिंग या आयर्लंडमधील काठी-चेंडूच्या खेळाची काठी, आणि तीन स्लिटर, म्हणजे त्या खेळाचे चेंडू, आणले. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर मी रोज सकाळी अर्धा तास सराव करतो आहे.

महाविद्यालयात हॉकी खेळल्यामुळे चेंडू काठीवर थांबवण्याची सवय होती, पण ती येथे फारशी उपयोगी पडली नाही. हॉकीत डावा हात वर असतो आणि काठीची एकच बाजू वापरता येते. हर्लिंगमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात वर असतो, दोन्ही बाजू चालतात आणि चेंडू पुष्कळदा छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर येतो. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलण्यास मनाई आहे आणि तो हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच चेंडू ताब्यात येणे अत्यंत महत्त्वाचे ठरते.

या संचातील सर्वांत मोलाची वस्तू चेंडूच आहे. त्याचे वजन ११० ते ११६ ग्रॅम, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या जवळपास दुप्पट, आणि व्यास सुमारे सात सेंटिमीटर असतो. कातड्यावर शिवणीच्या उंच कडा असतात. त्या भिंतीला लागल्या की चेंडू अनपेक्षित दिशेने परततो, आणि नेमका हाच सराव टेनिसच्या चेंडूवर होत नाही. ताठ हाताने काठी पुढे नेली की चेंडू दोन-तीन हात लांब उडतो. स्लिपमध्ये झेल घेताना आपण हात किंचित मागे घेतो, तशी चेंडू लागण्याच्या क्षणी वरच्या हाताची पकड सैल करून काठी मागे घेतली, तर तो जवळच खाली येतो आणि मोकळ्या हातात झेलता येतो. हे मनगटात उतरायला मला सहा आठवडे लागले. त्यानंतर मी भिंतीपासूनचे अंतर आठ पावलांवरून पाचवर आणले.

काठीबद्दल मात्र दोन तक्रारी आहेत. मुठीवरची पट्टी मे महिन्याच्या घामाने निसरडी झाली, तेव्हा धोबी तलावच्या एका दुकानातून बॅडमिंटनची टॉवेल ग्रिप आणून गुंडाळली आणि अडचण मिटली. दुसरी तक्रार मापाची, आणि तिचा दोष विक्रेत्याचा नाही. काठी जमिनीवर उभी धरल्यावर तिचे टोक कमरेच्या हाडापाशी यावे, असा साधारण संकेत आहे. माझी काठी त्याहून दोन इंच वर येते आणि अंगाजवळ आलेल्या चेंडूला मला उशीर होतो. मापाची चौकशी आधी न केल्याची चूक माझीच.

संचात हेल्मेट नाही. आयर्लंडमध्ये २०१० पासून सर्व खेळाडूंना चेहऱ्याच्या जाळीसह ते सक्तीचे आहे, आणि भिंतीवरच्या सरावातही ते हवेच, असे माझे ठाम मत आहे. मी क्रिकेटचे हेल्मेट घालतो.

जूनच्या पहिल्या पावसात एक चेंडू भिजून जड झाला आणि वाळल्यावर त्याची शिवण उसवली. उरलेले दोन घेऊन मी आता इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सराव करतो, आणि भाच्याला पुढच्या खेपेस ३२ इंची काठी आणायला सांगितले आहे.