ओपन कॅमेरा: नववीच्या वर्गात वर्षभर वापरलेलं अ‍ॅप

सांगलीच्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. यंदा नववीला ‘काळ आणि बदल’ हा विषय फोटो आणि व्हिडिओतून करायला दिला. प्रत्येकानं एक जागा निवडायची, जूनपासून मार्चपर्यंत तिथंच पुन्हा पुन्हा उभं राहायचं आणि फोटो काढायचे. शाळेकडे कॅमेरा नाही. मुलांनी घरात पडून असलेले, काच तडकलेले, सिम काढून ठेवलेले अँड्रॉइड फोन आणले. सगळ्यांवर ‘ओपन कॅमेरा’ टाकलं. फुकट आहे, आत जाहिराती नाहीत, जुन्या फोनवरही चालतं.

या अ‍ॅपचं मोल एका सोयीत आहे, तिचं नाव ‘घोस्ट इमेज’. ही सोय सुरू केली की आधी काढलेला फोटो पडद्यावर फिकट दिसत राहतो आणि त्याच्या मागे समोरचं दृश्य दिसतं. दोन्ही एकावर एक बसेपर्यंत आपण पुढं-मागं सरकायचं, फोन किंचित वाकवायचा, मग बटण दाबायचं. बदल दाखवायचा असेल तर बाकी सगळं जागच्या जागी राहावं लागतं. चौकट हलली की बघणाऱ्याला फक्त चौकट हललेली दिसते. ही गोष्ट फळ्यावर समजावून मुलांच्या गळी उतरत नाही. त्या फिकट फोटोशी पाच मिनिटं झटापट केली की आपोआप उतरते.

गावभागातल्या एका मुलीनं यातून जे काढलं ते मला अजून थक्क करतं. घोस्ट म्हणून शेवटचाच फोटो घ्यावा लागतो असं नाही, फोनमधला कुठलाही निवडता येतो. तिनं घरच्या अल्बममधला, वाड्याच्या दारातला आजी-आजोबांचा फोटो मोबाईलवर घेतला, तो घोस्ट म्हणून लावला आणि गल्लीत जाऊन उभी राहिली. वाडा केव्हाच पडला, तिथं आता तीन मजली इमारत आहे. जुळवायचं कशाशी? बराच वेळ ती गल्लीत मागं-पुढं होत राहिली, थोडं झूम केलं, आणि मग ओरडली, “मॅडम, पिंपळ जुळला!” कोपऱ्यावरचा पिंपळ तेवढा दोन्हीकडे होता, नव्या फोटोत खोड दुप्पट जाड. शेजारच्या काकू गॅलरीतून खाली आल्या आणि वाड्याची ओटी कुठवर होती ते तिला पाय टेकवून दाखवू लागल्या.

डिग्रजहून येणाऱ्या मुलानं घरच्या हळदीचा वाफा घेतला. हळदीचं पीक शाळेच्या वर्षाशी अगदी जुळतं: लागण मे-जूनमध्ये, काढणी जानेवारीपासून पुढं. त्याच्या मालिकेत आधी ओली माती, मग कोंब, मग फोटोभर हिरवी पानं, आणि शेवटी ती पिवळी पडून वाळलेली. अ‍ॅप पडद्यावर होकायंत्राची दिशा आणि फोनचा कोन दाखवतं. या दोन आकड्यांची त्यानं वहीत नोंद ठेवली होती. पानं वाढून बांध दिसेनासा झाला तेव्हा त्यावरच भागलं.

आयर्विन पूल घेणारे तिघं होते. कृष्णा नदीवरचा १९२९ सालचा हा पूल आम्हा सांगलीकरांची पूर मोजायची पट्टी आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात घाटावर जायचं नाही हा माझा नियम, त्यामुळं त्यांनी वरच्या रस्त्यावरची जागा धरली. उन्हाळ्यातला उघडा खांब आणि जुलैतला अर्धा बुडालेला खांब एकाच चौकटीत नेमके एकावर एक बसले, तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. २०१९ ला ही मुलं लहान होती. घर सोडून नातेवाइकांकडे गेल्याचं त्यातल्या अनेकांना आठवतं.

व्हिडिओसाठी ‘रिपीट’ वापरलं. ठरावीक अंतरानं अ‍ॅप स्वतः फोटो काढत राहतं. सेकंदाला ३० फोटो धरले तर १० सेकंदांच्या व्हिडिओला ३०० फोटो लागतात. दर ५ सेकंदांना एक, म्हणजे २५ मिनिटं. आमची मधली सुट्टी त्यात बरोबर बसली. सुरू करण्याआधी एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) लॉक करा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) ‘ऑटो’वरून काढा, नाहीतर ढग आला-गेला की व्हिडिओ लुकलुकतो. मुलांना मी दादासाहेब फाळक्यांचं सांगितलं. पहिला कथापट काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून. दुसऱ्याच दिवशी वर्गाच्या खिडकीत मटकीच्या वाट्या आल्या.

उणिवा आहेत. सेटिंग्जचं जंगल आहे. पहिल्या तासाला मुलं हरवतात, शिक्षकानं आधी घरी बसून सगळं लावून बघावं. काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ अ‍ॅप बांधून देत नाही, त्याला दुसरं अ‍ॅप लागतं. रिपीट चालू असताना ते पडद्यावर उघडंच ठेवावं लागतं, म्हणून जुन्या बॅटरीच्या फोनला पॉवर बँक जोडा. संध्याकाळच्या उजेडात फोनचा स्वतःचा कॅमेरा बरेचदा सरस फोटो देतो. आयफोनवर हे अ‍ॅप नाही.

तरी पाचपैकी साडेचार. महागडा कॅमेरा घेऊन द्या म्हणून मागं लागलेल्या मुलांच्या पालकांना मी आता आधी हेच सुचवते. मुलांच्या फोनवर लोकेशनचा शिक्का मात्र बंद ठेवा, आणि घोस्टसाठी पहिला फोटो भर दुपारचा नको, सकाळचा घ्या. सावल्या लांब असतात, जुळवायला कडा मिळतात.