पियानोचे पहिले पुस्तक संपल्यावर : पुढच्या तीन वाटांची तुलना

पियानोचे पहिले पुस्तक संपत आले की शिकणाऱ्याच्या गाठीशी साधारण एवढी शिदोरी जमलेली असते: दोन्ही हातांची पाच बोटे पाच पट्ट्यांवर ठेवून, जागा न बदलता, सोपी गाणी वाजवता येतात, मिडल सीच्या (पियानोच्या मध्यावरच्या सी स्वराच्या) अलीकडचे-पलीकडचे स्वर स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या स्वरलिपीत, वाचता येतात, आणि उजव्या हातात चाल सुरू असताना डावा हात एखादा लांब स्वर धरून ठेवू शकतो. इथवरचा प्रवास बहुतेकांचा सारखाच होतो. निवड करावी लागते ती यापुढे. एक वाट क्रमाने चढत जाणाऱ्या रचनांची आहे, दुसरी मनात घर करून बसलेल्या एखाद्या प्रसिद्ध रचनेला थेट हात घालण्याची, आणि तिसरी कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या) आधाराने आवडीची गाणी वाजवण्याची. तिन्ही वाटांनी लोक पियानो शिकलेले आहेत, त्यामुळे कोणती बरोबर हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. कोणत्या वाटेने काय लवकर मिळते आणि कशासाठी फार थांबावे लागते, हे आधी समजून घेतलेले बरे.

त्यासाठी ‘अवघड’ म्हणजे काय हे ठरवावे लागते. नवख्या माणसाला स्वरांची दाटी आणि वेग यांवरून रचना अवघड वाटते, पण पानावर विरळ दिसणारी रचनाही हात बांधून टाकू शकते. शोपँच्या ओपस (संगीतकाराच्या प्रकाशित कामाचा क्रमांक) २८ मधले ई मायनरचे प्रिल्यूड, म्हणजे एक छोटी रचना, अवघ्या २५ बारांचे (तालाच्या आवर्तनांचे) आहे. उजव्या हातात संथ चाल आणि डाव्या हातात एकसारखे पडणारे कॉर्ड, एवढाच त्याचा पसारा. मात्र ते कॉर्ड चालीच्या खाली दबक्या आवाजात ठेवायचे, आणि त्यांतला एकेक स्वर खाली सरकत असताना तो बदल कानाला जाणवू द्यायचा, हे काम वर्षभर शिकलेल्या हाताचे नाही. उलट बाखचे सी मेजर प्रिल्यूड पाहताना धास्ती वाटते. पण त्यात एका वेळी एकच नवी पट्टी दाबायची असते आणि ३५ बारांपैकी शेवटचे दोन-तीन सोडले तर हाताची तीच आकृती चालू राहते.

खरा हिशेब आहे तो नव्या गोष्टींचा. हात एका जागेवरून दुसरीकडे नेणे, अंगठा बाकीच्या बोटांखालून सरकवणे, दोन हातांत दोन निराळ्या लयी सांभाळणे, एकाच हातात चाल आणि साथ दोन्ही पेलणे, न बघता डाव्या हाताची लांब उडी अचूक पडणे, पायाने दाबायचे, स्वर लांबवणारे पेडल कानाने ऐकत बदलणे, या सगळ्या स्वतंत्र अडचणी आहेत. एखाद्या रचनेत यांतल्या एक-दोन नव्या असतील तर ती दोन-तीन आठवड्यांत हातात बसते. चार-पाच असतील तर महिने जातात, आणि त्या महिन्यांत नेमके कुठे अडते आहे तेही कळेनासे होते. पुढची तुलना याच मापाने केली आहे.

पहिल्या वाटेसाठी लिहिणाऱ्या संगीतकारांनी हे माप नेमके ओळखले होते. बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेल्या ‘मिक्रोकॉसमॉस’च्या सहा भागांत १५३ रचना आहेत. त्यांतल्या पहिल्या सहा रचनांत दोन्ही हात एकच चाल एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात, म्हणजे तिथे दोन हात बरोबर चालवणे एवढीच गोष्ट नवी असते. पुढे डावा हात उजव्याच्या मागून तीच चाल उचलतो, आणि मग हळूहळू दोघे वेगळे होतात. बुर्गम्युलरच्या ओपस १०० मधल्या २५ अभ्यासिकांची रीत अशीच आहे, फक्त त्या कानाला अधिक गोड लागतात. पहिल्या अभ्यासिकेत स्वर न तोडता ओघाने वाजवणे शिकायचे असते. दुसरीत, म्हणजे ‘अरबेस्क’मध्ये, एक छोटी झटपट लकेर आधी उजव्या हाताला आणि मग तशीच डाव्याला दिलेली आहे, त्यामुळे डावा हात किती मागे पडला आहे हे पहिल्याच दिवशी उघड होते. शूमानच्या १८४८ सालच्या ओपस ६८ मध्ये ४३ रचना असून त्यांतली दहावी, आनंदी शेतकऱ्याची, मुख्य चाल डाव्या हातात ठेवते आणि उजव्याला साथीला बसवते. वर्षभर उजवाच पुढे असतो अशी सवय लागलेल्या शिकणाऱ्याला ही अदलाबदल एखाद्या कोड्यासारखी वाटते.

या वाटेवर सगळ्यांना भेटणारी जी मेजरची मिन्युएट (एका जुन्या नृत्याच्या चालीची रचना) वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीत ती असल्यामुळे दीर्घकाळ बाखच्या नावावर खपली. ती क्रिस्टियान पेट्झोल्ड याची आहे हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले, तरी कित्येक पुस्तकांत अजून जुनेच नाव दिसते. रचनाकार कोणीही असो, तिच्यात डावा हात कॉर्डची साथ देत बसत नाही, तो बहुतेक ठिकाणी स्वतःची दुसरी चाल चालतो. दोन चाली एकाच वेळी ऐकत वाजवण्याचा हा पहिला खरा अनुभव, आणि ही गोष्ट इतर दोन वाटांवर सहजी मिळत नाही. पुढे क्लेमेंटीच्या ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना आली की तीन भागांची संपूर्ण कलाकृती शेवटपर्यंत पेलण्याचा सराव होतो.

या वाटेचा दोष असा की श्रम आणि कौतुक यांचे प्रमाण फार काळ जमत नाही. दहा महिने नेटाने वाजवूनही ऐकणाऱ्याला ओळखू येईल असे काही हाती नसते. ज्याला वाजवण्यातच रस आहे त्याला याचे काही वाटत नाही, पण ज्याने एका विशिष्ट सुरावटीच्या ओढीने पियानो घेतला त्याचा धीर इथेच सुटतो.

ग्रेड परीक्षा याच वाटेचा एक प्रकार मानल्या जातात, आणि तिथे मला एक शंका नोंदवाविशी वाटते. १८८९ साली स्थापन झालेल्या एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा संस्थेच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० गुण असतात. त्यांतले ९० तीन रचनांना आणि उरलेले ६० स्केल (ओळीने चढते-उतरते स्वर), साइट रीडिंग (न पाहिलेली रचना वाचून लगेच वाजवणे) व कानाची चाचणी यांना मिळून असतात. रचना ही त्या मूळ कल्पनेत तयारीची केवळ एक बाजू आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक जण वर्षभर त्या तीनच रचना घासतात आणि बाकीचे शेवटच्या महिन्यात उरकतात. आठ वर्षांत आठ ग्रेड झाल्या तर अशा रीतीने एकूण रचना होतात २४. ही पायऱ्यांची वाट राहत नाही. ती दरवर्षी मारलेली एक लांब उडी होते, फक्त तिच्यावर क्रमांक लिहिलेला असतो. पहिल्या पाच ग्रेड क्रमाने द्याव्याच लागतात असेही नाही. त्यामुळे परीक्षा द्यायची असल्यास एक-दोन ग्रेड वगळून, मधल्या काळात त्या पातळीच्या वीस-पंचवीस रचना वाजवून टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता दुसरी वाट. तिच्यावर बहुतेकांना खेचून आणणारी रचना म्हणजे बीथोव्हेनची ‘फ्यूर एलिझे’. १८१० ची, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १८६७ साली छापली गेलेली. तिची सुरुवात फसवी आहे. दोन्ही हात एकमेकांना स्वर देत-घेत चालतात, एकत्र फारसे पडत नाहीत, आणि म्हणून सहा महिने शिकलेला माणूसही पहिले पान कसेबसे उभे करू शकतो. मग एफ मेजरचा भाग येतो, तिथल्या झरझर लकेरी येतात, पुढे डाव्या हातात एकच स्वर सारखा ठोठावत राहावा लागतो आणि त्यावर उजव्यात कॉर्ड पेलावे लागतात. मी स्वतः पहिल्या पानावर जवळपास पाच महिने काढले आणि दुसऱ्या भागापाशी येऊन थांबलो. त्या पाच महिन्यांत नवीन काहीही वाचले नव्हते, त्यामुळे परत पुस्तकाकडे वळलो तेव्हा आधी सहज वाचता येणारे स्वरही बोट ठेवून मोजावे लागले.

‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग तर याहून चकवणारा आहे, कारण तो शेवटपर्यंत संथ आहे. चार शार्पांची सी शार्प मायनर ही सुरावट वाचायचीच जड. त्यातून उजव्या हाताने करंगळीकडच्या बोटांनी चाल गात ठेवायची आणि बाकीच्या बोटांनी तीन-तीन स्वरांची लाट अगदी मंद वाहू द्यायची. चाल आणि लाट एकाच आवाजात वाजली की रचनेतला प्राण जातो. पेडलचे दुखणे निराळेच. बीथोव्हेनची मूळ सूचना पेडल दाबलेलेच ठेवून, स्वर मध्येच न विझवता सबंध भाग वाजवण्याची आहे, पण त्याच्या काळच्या वाद्यात स्वर लवकर विरत. आजच्या पियानोवर ती सूचना जशीच्या तशी पाळली तर सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात, त्यामुळे कॉर्ड बदलताना पेडलही बदलावे लागते आणि ते कानानेच ठरवावे लागते. वर सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक इथे एकाच वेळी समोर उभ्या राहतात.

तरीही ही वाट सरसकट टाकाऊ म्हणता येत नाही. ओढ ही खरी गोष्ट आहे आणि तिच्या जोरावर माणूस रोज पियानोपाशी बसतो. प्रश्न फक्त रचना निवडण्याचा आहे. बाखचे वर उल्लेखलेले प्रिल्यूड, किंवा शोपँचे ए मेजरचे सोळा बारांचे प्रिल्यूड, ही दूरची पण दिसणारी ठिकाणे आहेत. दुसऱ्यात एक मोठा कॉर्ड लहान हाताला पुरत नाही एवढीच खोच. सोप्या केलेल्या आवृत्त्यांबद्दल मात्र सावध असावे. त्यांत सहसा तीच गोष्ट काढून टाकलेली असते जिच्यासाठी मूळ रचना शिकण्यासारखी होती, आणि पुढे मूळ रचनेकडे जाताना बसलेले फिंगरिंग (कोणता स्वर कोणत्या बोटाने, ही सवय) आधी मोडावे लागते.

तिसरी वाट सगळ्यांत लवकर फळ देते. सी, जी, ए मायनर आणि एफ हे चार कॉर्ड आले की अगणित गाण्यांची साथ करता येते. यातली युक्ती कॉर्ड उलटवण्यात आहे: सी-ई-जी, मग बी-डी-जी, मग सी-ई-ए, मग सी-एफ-ए असे वाजवले तर हात जवळजवळ जागचा हलत नाही, एक-दोन बोटे तेवढी सरकतात. एका ओळीत चाल आणि तिच्यावर कॉर्डची नावे, एवढाच कागद समोर लागतो. पहिल्या महिन्यात डावा हात फक्त पायाचा स्वर धरतो, मग त्यात पाचवा स्वर मिसळतो, मग कॉर्ड सुटासुटा वाजवू लागतो. कोणता कॉर्ड कुठे ओढ घेतो हे या वाटेने जाणाऱ्याच्या कानाला पुस्तकी शिकणाऱ्याच्या आधी कळते, आणि गाण्याची पट्टी बदलायची वेळ आली तर तो गोंधळून जात नाही. स्वतः गाणाऱ्याने, किंवा ज्याला इतरांना साथ करायची आहे त्याने, दुसरीकडे पाहण्याची गरज नाही.

किंमत द्यावी लागते ती खालच्या क्लेफच्या (डाव्या हाताचे स्वर लिहिलेल्या खालच्या स्टाफच्या) वाचनात आणि डाव्या हाताच्या स्वातंत्र्यात. दोन वर्षे याच वाटेने गेलेल्या माणसापुढे जी मेजरची ती मिन्युएट ठेवली तर त्याचा डावा हात चाल म्हणून विचारच करत नाही. तो कॉर्ड शोधत राहतो. पुढे पारंपरिक रचनांकडे वळण्याचा थोडाही मानस असेल तर आठवड्यातले दोन दिवस तरी दोन्ही क्लेफ वाचण्यासाठी राखून ठेवलेले बरे.

तेव्हा निवड करताना वाचनाला प्राधान्य असेल तर पहिली वाट, साथ आणि कान यांना असेल तर तिसरी, आणि दुसरी कधीही एकटी नको. माझा कल पहिल्या वाटेला कणा करून, तिच्या कडेला एक आवडीची रचना ठेवण्याकडे आहे. रोजच्या चाळीस मिनिटांपैकी दहा-बारा मिनिटे त्या रचनेला आणि उरलेला वेळ आठवडा-दोन आठवड्यांत संपणाऱ्या लहान रचनांना, असे प्रमाण टिकते. रचना आपल्या आवाक्यातली आहे का हे एका बैठकीत कळते: पहिले पान एकेका हाताने, हवे तितके संथ वाजवून पाहावे, एकेक हातही जागोजागी थांबत असेल तर ती रचना अजून दोन पायऱ्या वर आहे.

वाद्याचाही विचार यात येतो. हलक्या पट्ट्यांच्या ६१ पट्टी कीबोर्डवर तिसरी वाट आरामात चालते आणि पहिलीचा सुरुवातीचा टप्पाही पार पडतो, पण एकाच हातात एक स्वर ठळक आणि दुसरा मंद ठेवण्याचा सराव त्यावर धड होत नाही. शोपँ किंवा ‘मूनलाइट’ डोक्यात असेल तर वजनदार पट्ट्यांचे ८८ पट्ट्यांचे वाद्य आणि पेडल यांची सोय आधी करावी लागेल.

जो आधीच दुसऱ्या वाटेवर अर्ध्यात अडकला आहे त्याने ती रचना आणखी घासू नये. जेवढे आले तेवढे आठवड्यातून एकदा संथ वाजवून जिवंत ठेवावे, अडलेल्या जागेवर पेन्सिलने खूण करावी, आणि तिथे नेमकी कोणती गोष्ट नवी आहे ते शोधून त्याच गोष्टीच्या तीन-चार लहान रचना मधल्या काळात वाजवाव्यात: उडी चुकत असेल तर उडीच्या, अंगठा अडत असेल तर स्केलच्या. चार-सहा महिन्यांनी खूण केलेल्या जागेवर परत यावे, आणि परत येताना आधी फिंगरिंग तपासावे. पुष्कळदा बोट पहिल्यापासूनच चुकीचे बसलेले असते.